व्हिएन्नाच्या हॉस्टेलातलं फुलपात्र

या ग्रुपवर मी नुसता वाचणारा माणूस. कसाऱ्याच्या घाटात लिफ्ट मागणारी बाई, त्र्यंबक रोडला गोल गोल फिरत राहिलेले मित्र, पडक्या विहिरीतून येणारे आवाज... सगळं वाचतो आणि हसतो. राग मानू नका, स्पष्टच सांगतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं माझ्या तोंडून कोणी वदवून घेऊ शकणार नाही. लहानपणी आमच्या आळीतल्या ज्या पिंपळाखालून जायला मोठी माणसं घाबरायची, त्याच्याच पारावर मी दुपारचा झोपायचो. देव मानतो, रीतभात मानतो. भुतंखेतं नाही.

पण माझ्या बाबतीत झालं ते कुठेतरी लिहून ठेवा असं माझी लेक म्हणाली. "तुमच्याच हातानं लिहा, अण्णा." म्हणून लिहितोय. शाळा माझी चौथीपर्यंत. मोबाईलवर एका बोटानं लिहितो. ज्यांना शुद्धलेखन तपासायचं असेल त्यांनी दुसरी पोस्ट वाचावी.

शाळा कमी झाली, तरी माझं अक्षर अख्ख्या नाशकानं पाहिलंय. भांडी बाजारात मी भांड्यांवर नावं घालायचो. दुकानाच्या पायरीवर पोतं अंथरायचं, मांडीवर भांडं, एका हातात छिन्नी, एका हातात हातोडी. टक टक टक... टिंबाला टिंब लागून अक्षर उमटायचं. लग्नसराईत मान वर करायला सवड नसायची. हंडे, कळशा, ताटं, तांबे... किती लेकीबाळींच्या घरात माझं अक्षर नांदायला गेलं असेल त्याला गणती नाही. पुढे विजेची पेन्सिल आली, घर्र करून क्षणात नाव घालणारी. मी ती हातात धरली नाही. गिऱ्हाईक कमी झालं तर होऊ दे म्हटलं.

आणि माझा एक नियम होता. भेटीच्या भांड्यावर नुसतं नाव घालायचं नाही. कोणाला आणि कोणाकडून, दोन्ही यायला पाहिजे. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून' - असं. देणाऱ्याचं नाव सांगितलं नाही तर मी भांडं परत करायचो. "आधी घरी विचारून या, कोणाकडून ते." लोक चिडायचे. दुकानदार तर म्हणायचा, "अहो, तुम्ही नाव घालायला बसलात की साक्ष घ्यायला?" पण कुठून आलं हे ज्या भांड्यावर नाही, ते मला अनाथ वाटायचं.

हा नियम मी एकदाच मोडला. आमच्या मंडळीसाठी.

मंडळी म्हणजे माझी बायको, सुलोचना. लग्न नवीन होतं. एकदा भांडी लावता लावता ती म्हणाली, "घरात एवढी भांडी, सगळ्यांवर कोणी ना कोणी बसलंय. कुठे मामा, कुठे आत्या, कुठे मावशी. माझं एकटीचं असं एक पण नाही." दुसऱ्या दिवशी दुकानातून पितळेचं एक फुलपात्र उचललं, चांगलं जड, काठ थोडा बाहेर वळलेलं. त्यावर फक्त 'सौ. सुलोचना' घालायला घेतलं. 'कडून' काय लिहिणार? नवऱ्यानं बायकोला दिलेल्या भांड्यावर नवऱ्याचं नाव... बाजारात बसून मला लाज वाटली. खालची जागा तशीच मोकळी ठेवली.

शेवटचं अक्षर चाललं होतं आणि नेमकी ती डबा घेऊन समोर उभी! रोज डबा तीच आणायची. वाकून बघते तर स्वतःचंच नाव. म्हणाली, "हे काय हो? माझं नाव घालताना घाम का फुटलाय एवढा?" शेजारचे दुकानदार हसले. छिन्नी घसरली. शेवटच्या अक्षरापासून खाली एक ओरखडा उमटला, उंदराच्या शेपटीसारखा वाकडा.

मला असा राग आला! माझ्या हातून अक्षर कधी बिघडलं नव्हतं. मी ते फुलपात्र मोडीत टाकायला निघालो, तर तिनं हातातून ओढून घेतलं. म्हणाली, "राहू द्या. हजार भांड्यांत सापडेल मला."

ते फुलपात्र मग जन्मभर तिच्यासोबत राहिलं. सकाळी तुळशीला पाणी त्यानंच, स्वतः पाणी प्यायची ते त्यातूनच. गावाला निघाली की पिशवीत सगळ्यात आधी ते. आठवड्यातून एकदा चिंच लावून असं घासायची की तोंड दिसावं. शेवटच्या आजारपणात बाटलीनं पाणी प्यायला तयार नव्हती. शेवटचा घोट मी त्यातूनच पाजला.

तिला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. अस्थी घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर गेलो, रामकुंडात, तेव्हा ते फुलपात्र मी सोबत नेलं होतं. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, चांगलं भांडं पाण्यात कशाला?" मी ऐकलं नाही. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी त्यातून पाणी पिऊ नये असं मला वाटलं. माझ्या हातानं पाण्यात सोडलं. ते भरलं, तिरकं झालं आणि खाली गेलं. डोळ्यांनी पाहिलं मी.

हे सगळं आधी का सांगितलं ते पुढे कळेल.

आता माझ्या लेकीबद्दल. एकुलती एक, रोहिणी. लग्न होऊन आधी पुण्यात होती, मग जावईबापूंच्या नोकरीमुळे दोघं व्हिएन्नाला गेली. आई गेली तेव्हा धावत आली होती. नंतर रोज फोन. "अण्णा, एकटे काय बसलात तिकडे, या ना." मी टाळायचो. टाळायचं कारण असं की, आमच्याकडे एक रीत आहे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. माझ्या वडिलांनी पाळली, आजोबांनी पाळली. लेक दिली की बापाचा भार तिच्यावर नको, हा त्यातला अर्थ. आता लोक हसतात. हसोत. पुण्यात ती होती तेव्हा मी जाऊन यायचो ते पाण्याची बाटली घरून घेऊन.

गेल्या वर्षी तिनं फोनवर धरणंच धरलं.

"येतो," मी म्हणालो, "पण तिकीट माझं मी काढीन. आणि तुझ्या घरी उतरणार नाही."

"मग कुठे उतरणार? फलाटावर?"

"एखादी धर्मशाळा असेल ना."

"व्हिएन्नात धर्मशाळा!" ती हसली. मग म्हणाली, "अण्णा, एक सांगते, नीट ऐका. आम्हाला मूल होणार नाहीये. सगळे उपाय करून झाले. डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं. म्हणजे तुमच्या रीतीप्रमाणे तुम्ही माझ्या घरचं पाणी कधीच पिणार नाही. असंच ना?"

फोन कानाला लावून अंगणातल्या तुळशीकडे बघत बसलो.

"रीत मी केलेली नाही," एवढंच म्हणालो.

"मोडू तर शकता."

"ते माझ्याच्यानं व्हायचं नाही, बाळ."

तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, शहराच्या मध्यात एक स्वस्तातलं हॉस्टेल बघितलंय, तिच्या घरून ट्रामनं जवळ. या तर खरं.

गेलो. पासपोर्टपासून विमानापर्यंत काय काय झालं ते लिहीत बसलो तर रात्र होईल. हॉस्टेलचंच सांगतो.

जागा झकास होती. अगदी गावाच्या मधोमध, भाजीबाजाराला लागून. खिडकीतून खाली ट्रामचे रूळ, समोर चर्चचा मनोरा. जुनी दगडी इमारत, जाड भिंती, रुंद जिना, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. आमच्या दुकानाची पायरी झिजली होती तशा. खोलीत रेल्वेसारखे वर-खाली पलंग. मला खालचा. वरच्या पलंगावर एक परदेशी मुलगी, तिच्यापेक्षा तिची पाठीवरची पिशवी मोठी. आल्या आल्या म्हणाली, "हॅलो पापा!" बायापुरुष एकाच खोलीत! पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मग म्हटलं, गंगेवरच्या धर्मशाळेत यात्रेकरू असेच तर पसरलेले असतात. तिथे नाही लाज वाटत ती इथे कशाला?

फक्त चपलांचा घोळ झाला. मी आपला खोलीच्या दाराबाहेर चपला काढायचो. तिथली व्यवस्था बघणारी ब्रिगिट म्हणून एक बाई होती, डोक्याचे सगळे केस पांढरे, माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. तिला वाटायचं कोणाच्या तरी राहून गेल्यात. ती त्या उचलून हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत टाकायची. रोज सकाळी मी अनवाणी खाली. ती पेटी उघडायची, माझ्याकडे बघायची, कपाळाला हात लावायची. "मिस्टर नासिक!" तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही, पण आमचं भांडण रोज व्यवस्थित व्हायचं.

खाली सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. लांब टेबल, भिंतीला फळ्या, त्यावर जगभरचे विजोड कप. ज्याचं त्यानं करून खायचं, धुऊन ठेवायचं. मी खिचडी टाकायचो. घरून मेतकूट नेलं होतं, चिवडा नेला होता. ब्रिगिटबाईनं एकदा मेतकूट बोटावर घेऊन चाखलं आणि नंतर रोज वाटी पुढे करायला लागली. तेव्हापासून चपला पेटीच्या वर ठेवायची, आत नाही.

आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी रोहिणीनं घरी नेलं. घर छान ठेवलंय पोरीनं. नाशिकहून मी बाजरीचं पीठ आणलं होतं... द्यायला हरकत नसते, घ्यायला असते. त्याच पिठाच्या तिनं भाकरी केल्या, सोबत शेवभाजी. तिच्या आईच्या हातच्यासारखाच वास आला. ताट माझ्यापुढे ठेवलं.

"पीठ तुमचंच आहे, अण्णा. तुमच्या घरचं. यात माझं काय आहे?"

"तवा तुझा आहे."

"बरं, पाणी तरी घ्या. इथे नळाला पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं येतं. माझ्या मालकीचं नाहीच ते."

"नळ तुझा आहे."

जावईबापू, नीलेश नाव त्यांचं, माणूस गमत्या. म्हणाले, "अण्णा, घर भाड्याचं आहे. नळ घरमालकाचा!"

मी हसलो. पण पिशवीतून माझी बाटली काढली, हॉस्टेलातून भरून आणलेली, आणि तिच्यासमोर वरून पाणी प्यायलो. रोहिणीनं बाटलीकडे पाहिलं. ताट उचललं, आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. ती काही धूत नव्हती, ते मला बाहेर ऐकू येत होतं.

त्यानंतर ती 'घरी चला' म्हणायचीच बंद झाली. रोज न्यायला यायची, राजवाडा दाखवायची, बागा दाखवायची, ट्राममध्ये शेजारी बसायची, हसून बोलायची. पण संध्याकाळी हॉस्टेलच्या दारातूनच परत. तिनं हट्ट सोडला होता. त्यापेक्षा भांडली असती तर बरं, असं वाटायचं. पण मीही वळणारा माणूस नाही. परतीचं विमान जवळ आलं. एकदा नाशिकला परतलो की या वयात पुन्हा कुठे येणं होतंय... हे तिलाही कळत होतं, मलाही.

निघायच्या आदल्या दिवसाची सकाळ. लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरात गेलो तर फळीवर एकही कप नाही, सगळे भांडी धुवायच्या मशीनमध्ये होते. तहान लागली होती. इकडे तिकडे बघितलं. खिडकीवरच्या उंच फळीवर एक भांडं दिसलं, काळंकुट्ट, चमच्यांनी खचाखच भरलेलं. खाली काढलं. हातात घेतल्या घेतल्या कळलं, पितळ आहे. वजनच सांगतं.

पितळ एवढं काळं पडलेलं मला बघवत नाही. जन्म त्यात गेला. चमचे टेबलावर ओतले. टोपलीत कोणाचं तरी अर्धं लिंबू पडलेलं होतं, मीठ होतंच. घासायला लागलो. काळं एवढं मुरलेलं की हात दुखायला लागला. हे एक-दोन वर्षांचं काळं नव्हे, हे मी लिहून देतो. हळूहळू खालून पिवळं डोकवायला लागलं. काठ बाहेर वळलेला. आपल्याकडच्या फुलपात्रासारखा. म्हटलं, असेल, इकडेही करत असतील.

मग अंगठ्याला टिंबं लागली.

आंधळा असतो तरी ओळखलं असतं. छिन्नीचं टिंब. त्याला लागून दुसरं. मी नळाखाली धरलं, लिंबू वाहून गेलं, आणि अक्षरं वर आली. सौ. सुलोचना. माझं अक्षर. शेवटच्या अक्षराखाली तो ओरखडा, उंदराच्या शेपटीसारखा वाकडा. आणि खाली मोकळी जागा.

नळ चालूच होता. फुलपात्र भरून वाहायला लागलं. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. भीती नाही वाटली, हे नक्की. तुळशीला पाणी घालून ती स्वयंपाकघरात यायची तेव्हा ओल्या पितळेचा एक वास यायचा... तो आला. बाकी काही झालं नाही. दिवा गेला नाही, थंड वारा सुटला नाही. कपांचं मशीन आपलं चालू होतं. मी लाकडी बाकावर बसलो आणि ते दोन्ही हातांत धरून ठेवलं.

रोहिणी न्यायला आली तेव्हा मी तसाच बसलेलो. ती म्हणाली, "काय झालं? बरं वाटत नाही का?" मी फुलपात्र पुढे केलं. तिनं वाचलं. त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. आणि माझ्या शेजारी धपकन बसली.

"हे तुम्ही गंगेत सोडलं होतं ना?"

"तू होतीस की घाटावर."

"मी होते," ती म्हणाली. "मी बघितलंय."

तिनं ब्रिगिटबाईला बोलावलं, तिच्या भाषेत विचारलं. बाईला आम्ही एवढे का हललोय तेच कळेना. म्हणाली, हे तर पूर्वीपासून इथेच आहे. ती कामाला लागली तेव्हापासून चमचे त्यातच. कोणी आणलं, कोणाला माहीत. मग आम्हाला जिन्यापाशी घेऊन गेली. तिथे भिंतीवर जुन्या फोटोंच्या चौकटी होत्या. एका फोटोत हेच स्वयंपाकघर, कपाटं वेगळी. मध्ये ब्रिगिटबाई, केस काळेभोर, कडेवर तिची मुलगी. ती मुलगी आता स्वतः आई झालीय. आणि खिडकीवरच्या उंच फळीवर, चमच्यांनी भरलेलं, काठ बाहेर वळलेलं फुलपात्र.

रोहिणी फोटोला नाक लावून बघत होती. म्हणाली, "अण्णा, हा फोटो काढला तेव्हा मी शाळेत असेन."

म्हणजे तेव्हा आमची मंडळी नाशकात आमच्या घरी होती. रोज सकाळी याच फुलपात्रानं तुळशीला पाणी घालत होती. मी रोज बघत होतो.

खरं तेच सांगतो, फोटोत अक्षरं दिसत नाहीत. भांडं लहान दिसतं, लांब आहे. कोणी म्हणेल ते दुसरं असेल. म्हणा. ब्रिगिटबाई मात्र म्हणाली, इथे असं एकच होतं.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग भांड्याकडे. रोहिणीनं तिला सांगितलं असावं, कारण तिचे डोळे भरले. चमचे तिनं एका बरणीत घातले आणि फुलपात्र माझ्या हातावर ठेवून माझी मूठ मिटली.

बाहेर आलो. रोहिणी म्हणाली, "कुठे जायचं? नदीवर जायचं होतं ना आज?"

मी म्हणालो, "तुझ्या घरी चल."

ट्राममध्ये फुलपात्र माझ्या मांडीवर. घरी जावईबापू होते. त्यांनी ऐकलं, हातात घेऊन उलटंसुलटं केलं. इंजिनिअर माणूस. म्हणाले, "अण्णा, रामकुंडात बुड्या मारून भांडी काढणारे असतात. बाजारात विकतात. कोणी गोऱ्या माणसानं घेतलं असेल, इथे येऊन ठेवलं असेल."

"असेल," मी म्हणालो. "आणि फोटो?"

जावईबापू डोकं खाजवत बसले. "फोटोचं... बघावं लागेल." अजून बघतायत.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. रोहिणी ओट्याशी उभी होती. फुलपात्र तिच्यापुढे धरलं.

"भर," म्हणालो.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग नळाखाली धरलं. माझ्याकडे पाठ होती. पाणी भरता भरता म्हणाली, "अण्णा, एक सांगू? रागावू नका. आता तर जिच्यावर रागवाल ती आईच नाही."

"बोल."

"मी पुण्यात होते तेव्हा आई एकटी यायची ना... ती पाणी प्यायची माझ्याकडे. जेवायची पण. पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, अण्णांना कळलं तर? तर पिशवीतून हे काढलं. म्हणाली, भांडं माझं, त्यावर नाव माझं. यात पडलं ते पाणी माझ्या घरचं. तुझ्या अण्णांनी स्वतःच लिहून दिलंय. भाजीसुद्धा यातच घेऊन खायची."

मी दाराला धरून उभा राहिलो. जन्मभर ती गावाला निघाली की पिशवीत सगळ्यात आधी ते का टाकायची... मला वाटायचं सवय असेल.

"आणि मला एका शब्दानं बोलली नाही," मी म्हणालो.

"म्हणायची, त्यांना सांगून काय उपयोग? ते म्हणतील, नळ कोणाचा?"

तिला हसू आलं आणि रडूही. भरलेलं फुलपात्र तिनं माझ्या हातात दिलं. मी कायम वरून पाणी पितो, भांडं तोंडाला लावत नाही. त्या दिवशी काठ ओठाला लावला. थंडगार होतं. सगळं प्यायलो.

मग विचारलं, "भाजी कसली केलीय?"

माझी रीत चुकीची होती असं मी इथे लिहिणार नाही. कोणी कमेंटमध्ये शिकवायला येऊ नये. मी माझ्या बायकोच्या भांड्यातून पाणी प्यायलो, एवढंच झालं. त्यानंतर जेवलो तेही त्यातूनच, भाकरी कुस्करून. जावईबापू म्हणाले, "अण्णा, ताट देऊ का?" रोहिणीनं त्यांना डोळ्यांनी दटावलं.

फुलपात्र मी परत आणलं नाही. तिथेच ठेवलं. पण त्याआधी एक काम केलं. जावईबापूंकडून हातोडी मागितली, एक जाड खिळा मागितला. फरशीवर टॉवेल अंथरून बसलो, भांडं मांडीवर घेतलं. हात आता थरथरतो. किती वर्षांत छिन्नी धरली नव्हती. रोहिणी समोर उकिडवी बसून बघत होती, तिची आई उभी राहून बघायची तशी. म्हणाली, "काय लिहिताय?"

"गप्प बस. हात घसरेल."

हे भांडं गंगेत बुडून तिथे कसं गेलं, आणि बुडायच्या आधीच तिथे कसं होतं, हे मला माहीत नाही. जावईबापूंना माहीत नाही. ब्रिगिटबाईला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, पण नीट विचार करून सांगा. मला काही सुचत नाही. पण भेटीच्या भांड्यावर कोणाला आणि कोणाकडून, दोन्ही यायला पाहिजे. त्याशिवाय मी भांडं हातावेगळं करत नाही. खालची जागा इतकी वर्षं मोकळी होती. तिथे लिहिलं,

'चि. सौ. रोहिणी हिस आईकडून.'